पुष्पावतीबाईंचा अंगठा

१

अंगठा खरा निघाला, आणि सगळी पंचाईत तिथंच झाली.

पुण्याच्या तज्ज्ञाचा अहवाल हातात पडला तेव्हा वकील सुचित्राताई पाथर्डीच्या कोर्टासमोर उभ्या राहून भेळ खात होत्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि उरलेली भेळ तशीच गाड्यावर ठेवून दिली. भेळ टाकणाऱ्यातल्या त्या नव्हेत. हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक, म्हणून भेळवाल्यानंसुद्धा काळजीनं विचारलं, "काय झालं ताई, कोण गेलं का?"

"गेलेली बाई परत आलीय," ताई म्हणाल्या, "आणि माझ्याच विरुद्ध साक्ष देतीय!"

ही बाई म्हणजे बोरदऱ्याच्या पुष्पावतीबाई. दीड वर्षामागं ज्येष्ठात वारल्या. मागं तीन एकर जमीन, एक विहीर, एक घर आणि एकुलती एक लेक पंकजा. खरं म्हणजे सरळ काम. मृत्यूचा दाखला काढायचा, तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, की सातबाऱ्यावर लेकीचं नाव. पण तेराव्याच्या पंगती उठल्या न उठल्या, तोच पुष्पावतीबाईंचा पुतण्या बिभीषण यानं भर मांडवात खिशातून कागद काढला. मृत्युपत्र! सगळं पुतण्याला, लेकीला छदाम नाही. खाली बाईंचा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि तारीख मरणाच्या आधीच्या पौषातली.

पंकजानं हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्यांनी हात वर केले. म्हणाले, हे आमच्या आवाक्यातलं नाही, कोर्टातून मृत्युपत्र शाबित करून आणा. मग बिभीषणनं प्रोबेटचा अर्ज टाकला आणि पंकजानं सुचित्राताईंचा उंबरा गाठला. "अंगठा खोटा हाय," एवढंच ती छातीठोकपणे सांगायची. आता तेही गेलं.

पंकजा शेजारीच उभी होती. अहवाल ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला.

"मंग आईनंच दिला का, ताई?"

"शांत हो आधी. फाल्गुनात आईला लकवा झाला ना?"

"व्हय. वाचा गेली, हात गेले, अंगावरची माशी हाकलायची ताकद न्हवती. माणूस वळखत न्हवती. मी उसाची टोळी सोडून आले आन् शेवटपातूर केलं तिचं."

"त्यानंतरचं मृत्युपत्र असतं तर मी एका दमात उडवलं असतं. शुद्ध नसलेल्या माणसाचा अंगठा कायद्याला चालत नाही. पण हे पौषातलं आहे. तेव्हा आई धडधाकट होती."

"तेच तर," पंकजा म्हणाली. "त्या पौषात मी कुठं हुते? नवऱ्याबरूबर देवळाली प्रवराकडं, उसात. आई म्हणली हुती, पंके, औंदा जाऊ नको, माझं काई खरं न्हाई. मी आयकलं न्हाई. रागानं लिवून दिलं आसंल तर? ताई, जमीन गेली तर जाऊ द्या. पर आईनं मला तोडलं का, तेवढं मला शोधून द्या."

सुचित्राताईंनी तीस वर्षांत जमिनी वाचवायला आलेली माणसं ढीगभर पाहिली होती. असं मागणं मागणारी ही पहिलीच. त्यांच्या अंगात वारं भरलं. "चल," त्या म्हणाल्या, "आत पुकारा झालाय."

२

पहिला साक्षीदार वाल्मिक. चाळिशीचा रापलेला गडी, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. बिभीषण ऊसतोडीचा मुकादम आणि वाल्मिक त्याच्याच टोळीतला. म्हणजे मुकादमाच्या शब्दाबाहेर जायची सोय नाही. सुचित्राताईंना वाटलं, पोपट पढवून आणलाय. आता बोलेल घडाघडा.

पण गडी तसा बोललाच नाही. समोरचे वकील मार्तंडराव विचारत होते आणि वाल्मिक आठवून आठवून, अडखळत सांगत होता.

"पौषात माझा बैल लंगडला म्हणून मी चार दिस गावी आल्तो. बिभीषणभाऊ बी आल्ते. सकाळच्या पारी भाऊंनी बोलावलं. म्हातारी ओसरीवर बाजंवर हुती. मी उशापाशी हुबा, भाऊ पायथ्याशी. अजिनाथशेठ बी हुते. ऊन निस्तं म्हातारीच्या डोळ्यावर येत हुतं. मीच तिचा पदर जरा म्होरं वढला. मंग भाऊंनी कागद वाचला, तिनं मान हालवली, भाऊंनी शाई लावून अंगठा घेतला."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्यांनाही पटत होतं, हे दिसत होतं.

खोटं बोलणारा माणूस सुचित्राताईंना वासावरून कळे. पढवलेला साक्षीदार तारखा सांगतो, नावं सांगतो. डोळ्यावर आलेलं ऊन सांगत नाही. हा माणूस बघितलेलं सांगत होता. म्हणजे अंगठा खरा, जागा खरी, ओसरी खरी, बाजही खरी. मग खोटं काय? का काहीच खोटं नाही?

"उलटतपास?" न्यायाधीशांनी विचारलं.

ताई उठल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडं एकही प्रश्न नव्हता.

"साहेब, थोडा वेळ मिळावा. परवा घेते."

"परवाची शेवटची संधी," साहेब म्हणाले. मार्तंडरावांनी गालातल्या गालात हसून फाईल बांधली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई बोरदऱ्यात हजर. गावात चिटपाखरू नाही. दसरा झाला की इथली निम्म्याहून जास्त माणसं उसाला जातात. मागं उरतात म्हातारीकोतारी, शेळ्या आणि कुलपं.

आधी त्या गेल्या दुसऱ्या साक्षीदाराकडं. अजिनाथशेठ, गावातले एकमेव किराणा दुकानदार. पोट सुटलेलं, बोलणं मोजकं.

"शेठ, तुमची सही आहे मृत्युपत्रावर."

"हाय ना."

"अंगठा तुमच्यासमोर घेतला?"

"ताई, जे बोलायचं ते उद्या कोर्टात. तुमी चहा घ्या."

"बिभीषण तुमच्या जवळचा?"

"गावात सगळेच जवळचे. साखर घालू का कमी?"

एवढ्यात दुकानासमोर जीप थांबली. खुद्द बिभीषण! पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, हसू असं की समोरच्याचं रक्त उकळावं. सुचित्राताईंचं उकळलंच.

"वकीलताई, आमच्या गावाला पाय लागले! काकूचा माझ्यावर लई जीव बघा. लेक गेली टाकून, पुतण्या धावला. ज्यानं केलं त्याला दिलं तिनं."

"तुम्ही काय केलं काकूचं? तुम्हीही पौषात उसातच असता ना?"

"येऊन जाऊन आसतो की." तो अजूनच हसला. "घर बघायचंय? बघा खुशाल. कुलूप माझं हाय, पर ओसरी उघडीच हाय. माझ्याकडं झाकण्यासारखं काईच न्हाई."

ताईंना तिघांचाही संशय येत होता आणि तिघांपैकी एकाचंही शेपूट हाताला लागत नव्हतं. अजिनाथ तोंड उघडेना, बिभीषण दार उघडं ठेवून बोलावत होता, आणि वाल्मिक तर खरंच बोलत होता. त्या तणतणत पुष्पावतीबाईंच्या घराकडं निघाल्या.

४

घर साधं, दगडमातीचं. पुढं ओसरी, ओसरीत बाज अजून तशीच. ताई बाजेवर टेकल्या. इथंच वाल्मिक उभा होता, इथं बिभीषण. त्यांनी डोळे मिटून सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आणलं. काही सापडेना. दात मात्र वाजायला लागले. शाल घेतली, पदर कानाला गुंडाळला, तरी हुडहुडी थांबेना.

"आगं बया! वकीलीणबाई, तिथं काकडत कशापायी बसलाव?"

कुडापलीकडून शेजारच्या छबूबाई डोकावत होत्या. सत्तरीच्या, तोंडात मिशरी.

"मागं या, मागं. परसात झकास ऊन हाय. पुष्पा बी थंडीची तिथंच बसायची दिसभर. ह्या दिसात ओसरीत कुत्रं बी झोपत न्हाई."

ताई घराला वळसा घालून मागं गेल्या. खरंच की! परस उन्हानं भरून गेलं होतं. पाठ भिंतीला टेकून दोघी बसल्या, छबूबाईंनी कोरा चहा आणला. ऊन अंगात मुरायला लागलं तसं ताईंना बरं वाटलं.

पहिला घोट घेतला. दुसरा घेताना कप हवेतच थांबला.

"छबूबाई, ओसरीला ऊन कधी येतं?"

"आता न्हाई येत. उत्तरंला तोंड हाय ना घराचं. दसरा झाला की सूर्व्या ह्या अंगानं जातो, शिमगा होऊस्तोवर ओसरी गारठल्यालीच."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात मातर सकाळच्या पारी तिरपं ऊन शिरतं. डोळं उघडू देत न्हाई मेलं!"

कप कलंडला. चहा साडीवर सांडला त्याचं भान नाही. ताई ताडकन उठल्या आणि छबूबाईंना त्यांनी कडकडून मिठीच मारली.

"आवं, आवं! काय झालं? भाजलं का?"

"भाजलं नाही, छबूबाई. उजाडलं!"

ताई जीपच्या थांब्याकडं जवळजवळ पळतच सुटल्या. पण वाटेत त्यांचे पाय मंदावले. मार्तंडराव काही दुधखुळे नव्हते. ते म्हणतील, तारीख चुकली असेल, आदल्या उन्हाळ्यातला अंगठा असेल. आणि आदल्या उन्हाळ्यात बाई ठणठणीत होती! मग मृत्युपत्र खरंच ठरायचं. ऊन एकटं पुरणार नव्हतं. अजून काहीतरी हवं होतं. त्यांनी वाल्मिकची साक्ष पुन्हा पहिल्यापासून मनात घोळवली, आणि बोरदऱ्याच्या फाट्यावर भर रस्त्यात त्यांनी मांडीवर थाप मारली.

५

कोर्ट भरलं. ताईंचे डोळे चमकत होते. अजिनाथशेठ दाराबाहेर बाकावर, कारण एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्यानं ऐकायची नसते. वाल्मिक पिंजऱ्यात.

"वाल्मिकराव, ऊसतोडीला कधीपासून जाता?"

"बापाच्या पाठुंगळीला हुतो तवापासून."

"दसऱ्याला जाता, पाडव्याच्या पुढंमागं येता?"

"व्हय."

"म्हातारी ओसरीतच होती? नक्की?"

"नक्की. बाज दाराच्या उजव्या अंगाला."

"आणि ऊन डोळ्यावर?"

"व्हय म्याडम. डोळं दिपत हुते तिचे."

"पदर तुम्हीच ओढला?"

"मीच."

"बसा."

मार्तंडराव चक्रावले. एवढ्यावर उलटतपास संपतो? बिभीषण पाय पसरून बसला होता. त्याला कशात काही वावगं दिसलंच नाही. दिसणार कसं? तोही जन्मभर पौषात उसाच्या फडातच.

आत आले अजिनाथशेठ. वाल्मिक मागच्या बाकावर जाऊन बसला. शेठनी शपथ घेतली, सही ओळखली, सगळं माझ्यासमोर झालं म्हणाले. मग ताई उठल्या, अगदी गरीब चेहरा करून.

"शेठ, तुम्ही बारा महिने गावातच?"

"दुकान टाकून कुठं जाऊ?"

"त्या सकाळी थंडी असेल नाही?"

"पौषातली थंडी ताई, हाडं गोठत्यात."

"मग म्हातारी बसली होती कुठं?"

शेठ हसले. काय हा प्रश्न, अशा तोऱ्यात म्हणाले, "कुठं म्हंजी? घरामागं, परसात. उन्हाला."

"ओसरीत नव्हती?"

"पौषात ओसरीत? ओसरी उत्तरंची हाय ताई. तिथं सकाळचं बसून मरायचंय का? शिमग्यापातूर उन्हाचा कण न्हाई तिथं!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. बिभीषणनं पाय आखडून घेतले. मार्तंडराव मान वळवून आपल्याच पक्षकाराकडं बघत राहिले.

"साहेब," ताई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज भिंतीवर आदळला, "अंगठा देताना शेठ तिथं नव्हतेच. त्यांनी दुकानात बसून सही ठोकली. म्हणून जागा त्यांनी अकलेनं ठरवली, आणि हिवाळा माहीत असलेल्या माणसाची अक्कल बरोबर परसातच गेली. वाल्मिक मात्र तिथं होता. शेठचं नाव आणि तो लंगडा बैल त्याच्या तोंडी घातलेले, बाकी त्यानं पाहिलं तेच सांगितलं. पण आपल्या गावचा हिवाळा या गड्यानं कधी पाहिलेलाच नाही. पौषात आपल्या ओसरीला ऊन नसतं हे त्याला कुणी सांगायचं? त्यानं पाहिलेलं ऊन खरं आहे, साहेब. ते उन्हाळ्यातलं आहे!"

मार्तंडराव उठलेच. "ठीक आहे! तारीख लिहिताना चूक झाली असेल. आदल्या उन्हाळ्यातला अंगठा असेल. त्यानं मृत्युपत्र खोटं होत नाही."

"याचीच वाट बघत होते," ताई म्हणाल्या. "मार्तंडराव, तुमच्या आईच्या डोळ्यावर ऊन आलं आणि शेजारी परका पुरुष उभा असला, तर पदर कोण ओढेल? ती का तो?"

मार्तंडराव खाली बसले.

"धडधाकट बाई आपला पदर दुसऱ्याच्या हाती देईल? पुष्पावतीबाईंचा पदर वाल्मिकला ओढावा लागला, कारण त्यांना हात उचलताच येत नव्हता. लकवा झाला फाल्गुनात. म्हणजे हे ऊन आदल्या उन्हाळ्यातलं नाही, फाल्गुनानंतरचं आहे. माणूससुद्धा न ओळखणाऱ्या बाईचा अंगठा घेतलाय हा!"

"वाल्मिक," न्यायाधीश म्हणाले, "पुढं या."

वाल्मिक उठला. त्यानं एकदा बिभीषणकडं पाहिलं, एकदा पंकजाकडं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"सायेब, वैशाख हुता. पंकी पाण्याच्या टँकरला गेल्ती. भाऊ म्हणले, निराधारच्या पगारासाठी म्हातारीचा अंगठा पायजे, तू चल. तिला काईच कळत न्हवतं. उन्हानं डोळ्यातनं पाणी गळत हुतं, पुसता बी येईना. मला ऱ्हावलं न्हाई, म्हणून पदर वढला. मागनं भाऊ म्हणले, कोर्टात झालं तेच सांग, निस्ता महिना बदल आन् बैलाचं, शेठचं, कागद वाचल्याचं तेवढं घाल. न्हाईतर टोळीत घेत न्हाई, तुला न्हाई आन् तुझ्या भावांना बी न्हाई."

"आरं गप!" बिभीषण ओरडला, आणि शिपायानं त्याचा दंड धरला.

६

मृत्युपत्र बाद झालं. मार्तंडरावांनी वकीलपत्र सोडलं आणि जाताना म्हणाले, "सुचित्रा, मला पढवलेलं कळलं नाही ग." बिभीषण आणि अजिनाथशेठ यांच्यामागं फौजदारीचा ससेमिरा लागला. वाल्मिकला त्या साली दुसऱ्या मुकादमानं टोळीत घेतलं. खरं बोललेला गडी म्हणून घेतलं की हात कमी होते म्हणून, ते देव जाणे.

कोर्टातून बाहेर आल्यावर पंकजानं ताईंचा हात घट्ट धरला होता. "म्हंजी आई माझ्यावर रागावली न्हवती?"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. "रागावली असेल ग. ऐकलं नाहीस म्हणून चार शिव्याही घातल्या असतील. पण तोडलं नव्हतं तुला. एवढं आता कोर्टाच्या कागदावर आहे."

पंकजानं नुसती मान हलवली. रडली नाही. तेराव्याला तो कागद निघाल्यापासून ती रडलीच नव्हती.

महिन्याभरानं दोघी तलाठ्याकडं गेल्या. वारस नोंदीचं काम, पाच मिनिटांचं. तलाठी संगणकावर भरत होते, मान खाली, आवाज कोरडा.

"मयताचं नाव?"

"पुष्पावती."

"वारसाचं?"

"पंकजा."

"मयताशी नातं?"

पंकजानं पदराचं टोक मुठीत आवळलं. तलाठ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "बाई, नातं काय?"

"लेक," पंकजा म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक हाय मी तिची! एकुलती एक लेक!" आणि तिथंच फरशीवर बसून ती आईच्या नावानं हंबरडा फोडून रडायला लागली.

तलाठी गडबडून खुर्चीतून उठले. सुचित्राताईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"रडू द्या तिला," त्या म्हणाल्या. "तिची आई आज गेलीय."